सुरतेला, फरासीसांच्या वखारीत

पुदुच्चेरीच्या पिवळ्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील, प्रत्यक्ष नाही तर कुणाच्या लग्नाच्या फोटोंत तरी. भिंतीवर चढलेली बोगनवेल, समुद्राकडे सरळ जाणारे रस्ते, रस्त्यांना फ्रेंच नावं. देखणं आहे ते, वादच नाही. पण फ्रेंच कंपनीनं भारतात पहिलं बस्तान बसवलं ते तिथे नव्हे. ते बसवलं सुरतेला, १६६८ साली. पुदुच्चेरी त्यानंतरची, १६७४ ची. आणि सुरतेला जाणारा कापडाचा मोठा रस्ता आपल्या खान्देशातून, अगदी आपल्या उंबऱ्यापुढून जात होता. म्हणून पुदुच्चेरीला पुन्हा कधीतरी जा. आज सुरतेला चला, १६७० च्या सुरतेला.

निघायचं जामनेरहून. पाऊस उघडलाय. काळ्या रानातला चिखल वाळल्याशिवाय लादलेले बैल हलत नाहीत, त्यामुळे चार महिने तुंबलेला माल एकदमच वाटेला लागतो. तुम्ही कापडाच्या एका व्यापाऱ्याचे पुतणे. घरातले सगळे त्यांना नाना म्हणतात, तुम्हीही नानाच म्हणता. डोक्याला मुंडासं, कमरेला कसा, आणि कशातल्या पैशांपेक्षा जपून ठेवलेला कागद: बऱ्हाणपूरच्या सराफाची हुंडी. उचल बऱ्हाणपुरात घेतली, फेड सुरतेत माल विकून करायची. वटाव शेकडा अडीच ते तीन. माल वाटेत लुटला गेला तर पैसे सराफाचे बुडाले, असा या हुंडीचा रिवाज आहे. वटाव आहे तो त्या जोखमीचा.

गिरणा उतरून तुम्ही धरणगावात शिरता. घराघरात माग आहेत. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसलाय, पायानं पावड्या दाबतोय आणि धोटा या हातातून त्या हातात पळतोय. सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास गल्लीभर आहे. नाना ओसरीवर बसतात, पाणी पितात आणि पहिला ताका समोर ओढतात. वरची घडी ते पाहतच नाहीत. ताका झरझर उलगडत मधोमध येतात आणि तिथलं कापड उन्हाकडे धरतात.

"इथं बघ. तोंडाशी सगळेच घट्ट विणतात. पोटात सूत कमी घातलंय का ते बघायचं."

तुम्ही बघता. दोन ताक्यांत मधलं सूत विरळ आहे. नाना काही न बोलता ते बाजूला सारतात, विणकरही काही बोलत नाही. उरलेले ताके मोजून गठ्ठे बांधले जातात. यातलं जाडंभरडं आधी भडोचला जाईल आणि लिंबाच्या रसात धुऊन पांढरं होईल. बारीक माल मात्र थेट सुरतेला.

अमळनेर मागे पडतं आणि शिंदखेड्याला तुम्ही मोठ्या रस्त्याला लागता. हा बऱ्हाणपूर-सुरत रस्ता. बऱ्हाणपूर म्हणजे मोगलांच्या खान्देश सुभ्याची राजधानी. तिथलं जरीकाठी, फुलाफुलांचं, झिरझिरीत कापड इराणात, तुर्कस्तानात, पार पोलंडपर्यंत जातं. रावेर, साकळी, चोपडा, थाळनेर असे मुक्काम करत, थाळनेरला तापी उतरून हा रस्ता इथे येतो. झाँ बातिस्त ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या रस्त्यानं गेला आणि प्रत्येक मुक्कामाचं अंतर त्यानं लिहून ठेवलं: शिंदखेडा ते थाळनेर १० कोस, थाळनेर ते चोपडा १५ कोस. त्याचं पुस्तक १६७६ मध्ये पॅरिसला छापलं गेलं. चौदाव्या लुईला भला मोठा निळा हिरा विकणारा तो हाच. पुढे त्याच हिऱ्यातून होप डायमंड घडला. मला मात्र त्याच्या हिऱ्यांपेक्षा त्यानं लिहिलेली ही कोसांची यादी मोलाची वाटते. आपल्या चोपड्याचं, थाळनेरचं, शिंदखेड्याचं नाव त्या काळी पॅरिसच्या वाचकाच्या डोळ्यांखालून गेलं, हे आपल्याकडे शाळेत कुणी सांगितलं नाही.

शिंदखेड्याबाहेर मात्र तुम्ही अडकता. समोरून बंजाऱ्यांचा तांडा येतोय. बैलामागे बैल, धुळीचा लोट, गळ्यातल्या घंटा. ताव्हर्निये सांगतो की एका तांड्यात दहा-बारा हजार बैल असायचे, आणि अरुंद वाटेवर असा तांडा आडवा आला की दोन-तीन दिवस थांबावं लागायचं. त्यांच्यात चार वाटण्या होत्या. एक गट धान्याचा, एक तांदळाचा, एक डाळींचा आणि एक मिठाचा. आज जामनेर तालुक्यात ज्यांचे तांडे आहेत त्या बंजारा समाजाचे हे पूर्वज. त्यांच्या बैलांवाचून मोगलांची फौजही जेवू शकत नव्हती.

तुम्ही झाडाखाली बैल सोडता. संध्याकाळी कणकेत तूप-गूळ कालवून केलेले गोळे बैलांना चारायचे. शेजारी बऱ्हाणपूरची एक गाडी थांबलीय, दोन बैलांची. प्रवासी माणसाला अशी गाडी दिवसाला रुपयाभरानं मिळते. गाडीवान मात्र इथलाच, शिंदखेड्याचा.

"कथा चालनात भाऊ?"

"सुरतेला."

"फरासीस नवा उना शे म्हनतस तठे." फरासीस म्हणजे फ्रेंच. ते सुरतेला नवे आलेत, हे त्याच्याही कानावर आलंय.

नंदुरबारनंतर डोंगर जवळ येऊ लागतात. नवापूरला पोहोचता तेव्हा नदीकाठचं भात पोटरीत आलेलं असतं. गाव विणकरांचं, पण खरा पैसा तांदळात. दाणा नेहमीच्या तांदळाहून बराच लहान, शिजला की बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा. हिंदुस्थानातले अमीर-उमराव दुसरा तांदूळ खात नाहीत आणि इराणात कुणाला खूश करायचं तर या तांदळाची गोणी भेट न्यायची, असं ताव्हर्निये लिहितो. नाना दोन पायली विकत घेतात. रात्री तीन दगडांच्या चुलीवर भात रटरटतो आणि पालाबाहेर बसलेल्या तुम्हाला तो वास येतो. वर फक्त तूप आणि मीठ. तेवढ्यावर जेवण होतं.

पुढे जंगल, मग बारडोलीची सपाटी, आणि एका दुपारी तापीकाठी सुरत.

आधी दिसतो तो नदीवरचा किल्ला, सव्वाशे वर्षांचा जुना. त्याच्या बुरुजांवर तोफा आहेत. शहराभोवती नवा तट आहे. सहा वर्षांपूर्वी, १६६४ मध्ये शिवाजीराजांनी सुरत लुटली, त्यानंतर औरंगजेबाच्या हुकमानं तो घातलाय. वेशीतून आत गेलात की जकातीचं ठाणं. शिपाई गठ्ठे सोडायला लावतात, तुमचं मुंडासं चाचपतात, कमरेचा शेला सोडायला लावतात, वहाणाही काढायला लावतात. नाना शांतपणे सगळं करतात. त्यांना सवय आहे.

सुरत ही महालांची नगरी असेल अशी तुमची समजूत असेल तर ती इथे मोडते. बहुतेक घरं बांबूच्या कुडाची, शेणानं सारवलेली, ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली. विटा-चुन्याची घरं श्रीमंतांची, आणि अधूनमधूनच. पण माणसं! बनिये, बोहरी, पारशी, अर्मेनियन, अरब, तुर्क, आणि टोपीकर, म्हणजे युरोपीय, तर तऱ्हेतऱ्हेचे. मोठी जहाजं शहरापर्यंत येत नाहीत, ती तापीच्या मुखाजवळ सुवाळीला नांगरतात. तिथल्या वाळूवर हंगामात प्रत्येक टोपीकराचा तळ पडतो आणि तळावर ज्याचं त्याचं निशाण असतं.

फरासीसांची वखार इंग्रज आणि डच वखारींच्या मानानं नवी. १६६४ मध्ये लुईचा मंत्री कोल्बेर यानं कंपनी काढली, १६६६ मध्ये औरंगजेबाचं फर्मान मिळवलं आणि दोन वर्षांनी फ्रान्स्वा कारों सुरतेत उतरला. हा कारों आधी डचांच्या नोकरीत, कित्येक वर्षं जपानात राहिलेला. आता तो फ्रेंचांचा कारभारी आहे. दारावर कंपनीची मुद्रा आहे, निळ्यावर सोनेरी लिलीचं फूल. तुम्ही टक लावून बघत राहता. नाना दंडाला धरून आत नेतात.

आत चौक आहे. एका बाजूला निळीच्या पेट्या, दुसरीकडे मिऱ्याची पोती, आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर बसलेला घामाघूम कारकून. चेहरा उन्हानं लाल झालाय, पण हातातली लेखणी थांबत नाही. तो ताका उलगडतो आणि थेट मधोमध जातो. तुम्ही नानांकडे बघता. त्यानं उन्हाकडे धरलेलं कापड बघून नानांच्या मिशीखाली हसू येतं.

भाव मात्र कारकून करत नाही, वखारीचा बनिया दलाल करतो. तो नानांसमोर मांडी घालून बसतो, शेल्याचं टोक दोघांच्या हातांवर टाकतो आणि कापडाखाली बोटं बोलू लागतात. पूर्ण हात धरला तर हजार, नुसती पाच बोटं तर पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत बोट म्हणजे पन्नास आणि नुसतं टोक म्हणजे दहा. भोवती पाच-सहा जण उभे आहेत, कुणालाही काही कळत नाही. दोघांचे चेहरे कोरे. एकदा नाना हात काढून घेतात, दलाल तो पुन्हा ओढतो. आपल्याकडच्या बैलबाजारात उपरण्याखाली भाव करणारे म्हातारे तुम्ही पाहिले असतील. ही तीच विद्या.

सौदा ठरतो. निम्मे पैसे आज, निम्मे जहाज भरल्यावर. नानांना हे आवडलेलं नाही. "राहणी दांडगी आहे यांची," ते बाहेर येऊन म्हणतात, "पण पेटी हलकी वाटली." तोवर गठ्ठे वखारीतच राहणार. तुम्हालाही तिथेच पडवीत पथारी मिळते.

गल्लीतली माणसं तुम्हाला कापुसिन पाद्र्यांचं घर दाखवतात. फ्रेंच पाद्री, मुख्य फादर आंब्रुआज. १६६४ च्या लुटीत राजांनी या घराला हात लावू दिला नाही. पाद्री भले लोक आहेत, त्यांना त्रास द्यायचा नाही, असा हुकूम होता. डचांच्या एका मयत हिंदू दलालाचं घरही तसंच वाचलं, कारण हयातभर त्यानं दानधर्म केला होता. हे सांगणारा माणूस सुरतेचा, लुटीत होरपळलेला, आणि तरी हे तो आवर्जून सांगतो. बर्निये या फ्रेंच वैद्यानंही ते लिहून ठेवलंय.

मग ३ ऑक्टोबर उजाडतो.

आदल्या दिवसापासूनच कुजबुज आहे: शिवाजीराजे पुन्हा येताहेत. सधन माणसं बायकापोरं घेऊन नदीपलीकडे निघालीत. तटावर माणसं किती? तीनशे. येणारे किती? पंधरा हजार. तट टिकत नाही. थोड्याच वेळात धूर दिसू लागतो, पलीकडच्या पेठा पेटल्यात. इंग्रजांच्या वखारीतून बंदुकांचे आवाज येतात. त्यांचा स्ट्रेनशॅम मास्टर आपली माणसं घेऊन तिथे लढतोय.

फरासीसांच्या वखारीजवळच तार्तारांची सराई आहे. काशगरचा पदच्युत राजा अब्दुल्लाखान मक्केहून परतून तिथे उतरलाय, सोनंनाणं आणि जडजवाहीर घेऊन. मराठ्यांना ती सराई हवी आहे. सराईतले तार्तार मात्र दिवसभर हटत नाहीत. आणि तिथवर जायची सोयीची वाट आहे ती फरासीसांच्या आवारातून. फरासीस लढत नाहीत. ते नजराणा देतात आणि दार उघडतात. इंग्रज याबद्दल पुढे कडवटपणे लिहितील. पण मूठभर माणसं, दोन वर्षांची वखार, दुसरं ते काय करणार होते? माझ्या मते शहाणपण त्यांचंच होतं.

तुम्ही पडवीच्या खांबाला टेकून बसलाय आणि चौकातून माणसं चाललीत. घामानं चिकटलेले अंगरखे, कमरेला तलवारी, पाय धुळीनं माखलेले. आणि ती आपापसात बोलताहेत ते तुम्हाला कळतंय. कित्येक दिवसांत गुजराती, फारशी आणि फ्रेंच यांच्या गलबल्यात बसलेल्या तुमच्या कानांना अचानक सगळं कळतंय. "पुढं हो की!" "पाणी हाय का रं कुठं?" तुम्ही उठता आणि रांजणातला तांब्या भरून पुढे करता. तुमच्याच वयाचा एक जण घटाघटा पितो, तोंड पुसतो.

"कुठला रं तू?"

"जामनेर. खान्देश."

"मोगलाईतला." तो तांब्या परत देतो. "म्हंजे आपलाच की." आणि निघून जातो.

छातीत काहीतरी भरून येतं. त्याच वेळी तुमचा एक हात मागच्या गठ्ठ्यावर आहे आणि तो थरथरतोय. दोन्ही खरं आहे. पोवाड्यात सुरतेची लूट ऐकताना आपण नेहमी घोड्यावर बसलेले असतो. खान्देशचा माणूस मात्र त्या दिवशी घोड्यावरही होता आणि गठ्ठ्यावरही. हे मान्य केल्यानं राजांचं काही उणं होत नाही. आपला इतिहास मात्र पुरा होतो.

रात्री तार्तार आपल्या राजाला घेऊन किल्ल्यात निसटतात आणि सराई मराठ्यांच्या हाती लागते. ५ तारखेला फौज निघून जाते. जाताना चिठ्ठी ठेवली जाते: दरसाल बारा लाख द्या, नाहीतर पुन्हा येऊ. मोगलांच्या चौकशीत लुटीचा आकडा ६६ लाख निघाला. तुमचे गठ्ठे शाबूत आहेत. नाना ते एकदा मोजतात, पुन्हा मोजतात, आणि मग खाली बसून प्रथमच पाणी मागतात.

घरी पोहोचल्यावरही सुटका नाही. त्याच डिसेंबरात मराठी फौजा खान्देशात उतरतात. बऱ्हाणपूरजवळचं बहादुरपूर लुटलं जातं, वऱ्हाडातलं कारंजं लुटलं जातं, आणि वाटेतल्या गावांकडून चौथाई देऊ असे लेखी करार घेतले जातात. धरणगावला १६७४ मध्ये इंग्रजांनी वखार घातली, तिच्यावर पुढच्याच वर्षी हल्ला झाला. माग थांबले, पुन्हा सुरू झाले.

आणि फरासीस? नानांचा अंदाज खरा ठरला. १६७४ च्या सुमारास सुरतेला आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर नोंदवतो की फ्रेंच वखारीत माणसं भरपूर, पैसा कमी. राहणी थाटाची आणि ती उधारीवर. ती उधारी फुगत गेली. सुरतेच्या सावकारांचं देणं इतकं झालं की जप्तीच्या भीतीनं फ्रेंच जहाजं सुरतेकडे यायला कचरू लागली. १७०१ मध्ये मुख्य ठाणं पुदुच्चेरीला गेलं. ज्या फ्रान्स्वा मार्तँनं पुदुच्चेरी वसवली, त्यानं १६८० च्या दशकात सुरतेचा कारभारही पाहिला होता. कर्ज कसं गळ्याशी येतं ते त्यानं इथे डोळ्यांनी पाहिलं. पुदुच्चेरीचे सुंदर रस्ते तुम्हाला दिसतात, त्यामागे सुरतेत फसलेला हा डाव आहे.

आता परत या. जळगावहून सुरतेची गाडी धरा. धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, नंदुरबार, नवापूर, बारडोली, अशी स्टेशनं येत जातात आणि शिंदखेड्यापासून पुढे ती ताव्हर्नियेच्या मुक्कामांना गाठत जातात. नवापूरचं फलाट अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. सुरतेत उतरलात तर किल्ला पाहा, तो दुरुस्त करून लोकांसाठी खुला केलाय. कतारगाम दरवाज्याजवळ इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या घुमटदार कबरी आहेत, त्याही पाहा. फ्रेंचांचं मात्र पुदुच्चेरीसारखं पाहण्याजोगं काही उरलेलं नाही. कागदोपत्री मात्र त्यांची जागा सुरतेत शेवटपर्यंत होती आणि स्वातंत्र्यानंतर, ऑक्टोबर १९४७ मध्ये ती भारताच्या हवाली झाली.

मग उधना किंवा लिंबायतला जा. तिथे गल्लोगल्ली अहिराणी ऐकू येईल. श्रावणात गेलात तर कानबाई बसलेली दिसेल आणि खापरावरचे मांडे खायला मिळतील. जळगाव, धुळे, नंदुरबारची लाखो माणसं इथे यंत्रमागांवर, साड्यांच्या बाजारात, रंगाईच्या कारखान्यांत राबतात. पूर्वी आपलं कापड सुरतेला जायचं, आता ते विणणारे हात जातात. जळगाव-धुळ्याच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ताव्हर्नियेच्या मुक्कामांची यादी हातात घ्या, धरणगाव-चोपड्यातल्या जुन्या विणकर घराण्यांना आणि लिंबायतच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना गाठा, आणि त्यांच्याकडे जे काही आहे ते आत्ताच लिहून घ्या. सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत.